फेडरल निधी मंजूर झाला, मग रस्ता अजून खणला का नाही?

मध्य न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. २०२१ च्या ‘आयडा’ वादळात त्यांच्या गल्लीतल्या बेसमेंटांत पाणी शिरले. २०२३ च्या सुरुवातीला त्यांच्या काँग्रेस सदस्यांनी मेयरसोबत उभे राहून पावसाळी गटारांच्या कामासाठी १० लाख डॉलरचा भलामोठा पुठ्ठ्याचा चेक दिला, फोटो छापून आले. अजून रस्त्याला कुदळ लागलेली नाही आणि आता टाउनशिप त्याच कामासाठी कर्ज काढण्याचा ठराव आणते आहे. पैसे गेले कुठे? आणि मिळालेच होते, तर कर्ज कशाला?

न्यू जर्सीतल्या लहानमोठ्या नगरपालिकांची फेडरल अनुदानाची कामे मी बरीच वर्षे सांभाळतो आहे, अर्ज लिहिण्यापासून शेवटचे बिल वसूल करून फाइल बंद करण्यापर्यंत. म्हणून आधी उत्तर, मग कारण. पैसे कुठेही गेलेले नाहीत. ते टाउनशिपच्या खात्यात आलेलेच नाहीत आणि कामाची बिले सुरू होईपर्यंत येणारही नाहीत. कर्जाच्या ठरावाने मात्र घाबरू नका. माझ्या अनुभवात तो ठराव म्हणजे काम जवळ आल्याची पहिली खरी खूण असते.

आता तो चेक म्हणजे नेमके काय होते ते पाहू. २९ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राध्यक्षांनी २०२३ या आर्थिक वर्षाच्या खर्चाच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यासोबत लांबलचक तक्ते होते. कोणत्या गावाला, कोणत्या कामासाठी, कोणत्या खात्याकडून किती डॉलर, हे त्यांत ओळीओळीने लिहिलेले होते. तुमच्या टाउनशिपचे नाव अशाच एका ओळीत असणार. गटारांची आणि पाण्याची कामे सहसा ईपीए म्हणजे पर्यावरण संरक्षण संस्थेच्या तक्त्यात असतात. त्या वर्षी सगळ्या खात्यांत मिळून अशी ७,२३४ कामे होती आणि त्यांची रक्कम होती सुमारे १,५३० कोटी डॉलर. आदल्या वर्षी ४,९६३ कामांना सुमारे ९१० कोटी मिळाले होते.

याला बोलीभाषेत इअरमार्क म्हणतात. २०११ पासून दहा वर्षे ही पद्धत बंद होती. बंद व्हायला कारणेही होती. २००५ च्या महामार्ग कायद्यात अलास्कातल्या केचिकन गावाहून ग्रॅव्हिना बेटावर जाणाऱ्या एका पुलासाठी २२.३ कोटी डॉलर ठेवले होते. बेटावर विमानतळ होता, पण वस्ती जेमतेम पन्नास माणसांची. देशभर ओरड झाली आणि तो पूल झालाच नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून पद्धत परत आली ती नवे नियम घेऊन. सदस्याने मागणी स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करायची, त्यात आपला किंवा आपल्या कुटुंबाचा आर्थिक फायदा नाही असे लिहून द्यायचे, नफा कमावणाऱ्या कंपनीला पैसे द्यायचे नाहीत आणि सगळ्या मागण्या मिळून ऐच्छिक खर्चाच्या, म्हणजे काँग्रेस दरवर्षी नव्याने मंजूर करते त्या खर्चाच्या, एक टक्क्याच्या आत ठेवायच्या. हे नियम चांगले आहेत. २००५ सारखा प्रकार आता लपून होणे अवघड आहे.

आपल्याकडच्या लोकांना हा खासदार निधी वाटतो, म्हणून फरक सांगतो. भारतात प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची ठरावीक मर्यादा असते, तो काम सुचवतो आणि जिल्हा प्रशासन ते मंजूर करून पार पाडते. इथे सदस्याच्या नावावर ठरावीक रक्कम नसते आणि कलेक्टरही नसतो. काम कायद्याच्या तक्त्यात नावानिशी येते, पण ते अंगावर घेणारी यंत्रणा म्हणजे तुमची टाउनशिपच. तिच्याकडे माणसे असोत की नसोत.

कायदा झाल्यावर ईपीएच्या विभागीय कार्यालयातून टाउनशिपला पत्र येते. न्यू जर्सीसाठी ते न्यू यॉर्कहून येते. त्यात लिहिलेले असते की आता अर्ज करा. तक्त्यात नाव आले तरी अर्ज करावाच लागतो, फक्त स्पर्धा नसते. कामाचा आराखडा, अंदाजपत्रक, वेळापत्रक, स्थानिक हिस्सा कुठून येणार त्याचा पुरावा, हे सगळे तयार करून द्यायचे. त्याआधी फेडरल सरकारच्या ‘सॅम’ नावाच्या नोंदणीत टाउनशिपचे नाव चालू असावे लागते आणि ती नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते. ही फुटकळ वाटणारी गोष्ट महिने खाते. एका ठिकाणी गावाचे नाव ‘टाउनशिप ऑफ अमुक’ आणि कर खात्याच्या कागदावर ‘अमुक टाउनशिप’, एवढ्या फरकाने नोंदणी अडते. ज्या बाईंनी पूर्वी ती केली होती त्या निवृत्त झालेल्या असतात आणि पासवर्ड त्यांच्या जुन्या ईमेलवर असतो.

मग पर्यावरण तपासणी येते, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज आणि सर्वांत महाग चुका इथेच होतात. फेडरल पैसा लागला की १९७० पासून लागू असलेला राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा लागतो. रस्त्याखालच्या जुन्या पाइपांच्या जागी नवे पाइप घालायचे असले तर तपासणी आटोपशीर होते. पण पाइप मोठा करायचा असेल, त्याचे तोंड नव्या ठिकाणी ओढ्यात सोडायचे असेल किंवा पाणी साठवायला तळे करायचे असेल, तर गोष्ट वेगळी. पूरक्षेत्र आणि पाणथळ जागांसाठी राज्याच्या पर्यावरण खात्याचे परवाने लागतात. वटवाघळांच्या संरक्षित जाती त्या भागात असतील तर उन्हाळ्यात झाडे तोडता येत नाहीत. १९६६ च्या ऐतिहासिक वारसा कायद्याखाली राज्याच्या वारसा कार्यालयाचे मत घ्यावे लागते. न्यू जर्सी ही लेनापे लोकांची मूळ भूमी. त्यांना इथून हुसकावले गेले आणि त्यांच्या वंशजांची राष्ट्रे आज ओक्लाहोमा आणि विस्कॉन्सिनमध्ये आहेत. आपल्या गल्लीतल्या गटाराच्या कामाचे पत्र त्यांच्याकडे जाते आणि उत्तराची वाट पाहिली जाते. मला हे योग्यच वाटते. जिथे आपण खणतो तिथे त्यांचे पूर्वज पुरलेले असू शकतात.

अडचण तपासणीची नाही, क्रमाची आहे. तपासणी पूर्ण व्हायच्या आधी टाउनशिपने बांधकामाचा ठेका दिला, जमीन विकत घेतली किंवा काम सुरू केले, तर तो खर्च अनुदानात धरला न जाण्याचा धोका असतो. गृहनिर्माण खात्याच्या अनुदानात तर हा नियम फारच कडक आहे, तिथे अशा एका पावलाने सगळे अनुदान धोक्यात येते. कौन्सिलच्या बैठकीत लोक रागावून म्हणतात, पैसे मंजूर आहेत ना, मग उद्यापासून खणा. त्या दबावाखाली येऊन एखादा मेयर खणायला लावतो आणि पुढे ते सगळे स्थानिक करदात्याच्या माथी येते. थांबणारी टाउनशिप प्रत्येक वेळी आळशी असते असे नाही.

दुसरी अशीच जागा म्हणजे इंजिनिअरची नेमणूक. न्यू जर्सीच्या कायद्यात व्यावसायिक सेवांसाठी जाहीर निविदा काढावी लागत नाही, म्हणून बहुतेक गावांत वर्षाच्या सुरुवातीला एका फर्मला टाउनशिप इंजिनिअर म्हणून नेमतात आणि वर्षभर सगळी कामे तिच्याकडेच जातात. राज्याच्या कायद्याने हे चालते. फेडरल पैशातून त्या फर्मचे बिल द्यायचे असेल, तर मात्र तिची निवड खुल्या स्पर्धेतून झाल्याचा कागद दाखवावा लागतो. तो नसेल तर डिझाइनचा खर्च अनुदानातून वजा होतो. हे शेवटच्या हिशेबात उघड होते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून माझ्याकडे काम आले की पहिल्या दिवशी मी हाच कागद मागतो.

साहित्याचीही अट आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यासोबत आलेल्या ‘अमेरिकेत बनवा, अमेरिकेत घ्या’ नियमाने मे २०२२ पासून फेडरल पैशाच्या बांधकामातले लोखंड आणि पोलाद वितळवण्यापासून मुलामा देण्यापर्यंत इथेच झालेले असावे लागते. पीव्हीसी पाइपही इथलेच. कारखान्यात बनलेल्या पंपासारख्या वस्तूंच्या सुट्या भागांच्या किमतीतला निम्म्याहून अधिक वाटा, नेमका सांगायचा तर ५५ टक्क्यांपेक्षा जास्त, अमेरिकी हवा. त्याशिवाय मजुरीचा १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा आहे. कंत्राटदाराने त्या जिल्ह्यातला ठरलेला दर द्यायचा आणि दर आठवड्याचा पगारपट सहीनिशी सादर करायचा. न्यू जर्सीचा स्वतःचा मजुरी कायदाही आहे, तेव्हा दोन्हींतला जो दर जास्त तो द्यायचा. मजुराला पूर्ण दाम मिळतो ही या पद्धतीतली मला मनापासून पटणारी गोष्ट आहे. पण हे पगारपट कोणीतरी तपासायचे असतात, आणि ते काम टाउनशिपचे.

आता पैशांवर येतो, म्हणजे कर्जाचा उलगडा होईल. ईपीएच्या या अनुदानात एकूण खर्चाच्या ८० टक्के फेडरल आणि २० टक्के स्थानिक अशी वाटणी आहे. पुष्कळ जण १० लाखांचे २० टक्के म्हणजे २ लाख असा हिशेब करतात. तो चुकतो. १० लाख हे एकूण खर्चाचे ८० टक्के आहेत, म्हणजे एकूण खर्च निदान साडेबारा लाख असायला हवा आणि टाउनशिपने अडीच लाख घालायला हवेत. हे अडीच लाख सहसा दुसऱ्या फेडरल अनुदानातून आणता येत नाहीत. आर्थिकदृष्ट्या दुर्बळ गावांना सूट मागता येते, पण मागावी लागते.

आणि तक्त्यातली रक्कम पक्की असते, वाढत नाही. तुमच्या कामाचे अंदाजपत्रक बहुधा २०२२ च्या वसंतात, मागणी करतानाच बनलेले असणार. त्यानंतर पाइपांचे, डांबराचे, मजुरीचे दर कुठे गेले ते सगळ्यांना माहीत आहे. निविदा साडेबाराऐवजी अठरा लाखांची आली तर वरचे साडेपाच लाखही टाउनशिपचेच. पैसे कमी पडतात म्हणून दोन गल्ल्यांऐवजी एकच करू, असे म्हणावे तर कामाचे वर्णनही कायद्याच्या तक्त्यात लिहिलेले. त्या वर्णनाच्या आत बसेल तेवढा बदल खाते मान्य करते. वर्णनाबाहेर जायचे असेल, किंवा गावाऐवजी दुसरीच संस्था काम करणार असेल, तर पुढच्या एखाद्या कायद्यात काँग्रेसने दुरुस्ती करावी लागते. एका ओळीच्या शब्दरचनेपायी वर्ष जाते ते असे. म्हणून मागणी लिहितानाच वर्णन जरा सैल ठेवावे, गल्लीचे नाव न घालता पाणलोटाचे घालावे, असा माझा गावांना नेहमीचा सल्ला असतो.

ईपीएशी अनुदानाचा करार झाला, निविदा निघाली, ठेकेदार ठरला, तरी पैसे एकरकमी येत नाहीत. राज्य परिवहन खात्याच्या रस्त्यांच्या अनुदानात ठेका दिल्यावर ७५ टक्के आधी हातात पडतात, त्यामुळे आपल्या गावांना तीच सवय असते. फेडरल अनुदानात बिल आल्यावर ते ट्रेझरीच्या प्रणालीतून वसूल करायचे असते, आणि व्यवहारात गावे ठेकेदाराला आधी स्वतःचे पैसे देतात, मग वसुली करतात. साडेबारा लाखांचा ठेका देताना न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे मुख्य वित्त अधिकाऱ्याला निधी उपलब्ध असल्याचा दाखला द्यावा लागतो. म्हणून बाँड ऑर्डिनन्स, म्हणजे तुम्ही म्हणता तो कर्ज काढण्याचा ठराव. त्यात कामाची पूर्ण रक्कम दाखवलेली असते, त्यात अनुदान किती अपेक्षित आहे हेही लिहिलेले असते आणि साधारणपणे पाच टक्के टाउनशिपने रोख ठेवायचे असतात. पहिल्या बैठकीत मांडणी, दुसऱ्या बैठकीत जाहीर सुनावणी आणि मतदान, त्यानंतर हरकतींसाठी वीस दिवस. बहुतेक वेळा लगेच दीर्घ मुदतीचे रोखे निघत नाहीत, वर्षभराच्या मुदतीच्या कर्जाच्या नोटा काढून काम चालवतात आणि फेडरल पैसे येतील तसे त्या फेडतात. अनुदानाची रक्कम वर्षाच्या मध्यात अर्थसंकल्पात घालायची असेल तर वेगळा ठराव लागतो, ज्याला गावोगाव नुसते ‘चॅप्टर १५९’ म्हणतात. कार्यक्रमपत्रिकेत हे दोन शब्द दिसले की समजावे, करार हातात आला आहे.

या सगळ्याला दोन-तीन वर्षे लागणे नेहमीचे आहे. मनाला लागते ते वेगळेच. न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आहेत. काहींकडे पूर्णवेळ अनुदान विभाग आहे, सल्लागार आहेत, वकील आहेत. काहींकडे एक क्लार्क, अर्धवेळ वित्त अधिकारी आणि आठवड्यातून एकदा येणारा इंजिनिअर. कायद्याच्या तक्त्यात दोघांच्या ओळी शेजारी शेजारी असतात. पहिले गाव पत्र आल्याच्या महिन्यात अर्ज करते. दुसऱ्या गावात ते पत्र फाइलमध्ये राहते, कारण त्याच महिन्यात करांची बिले पाठवायची असतात. पूर दोन्हीकडे येतो. ‘आयडा’च्या एका रात्रीत या राज्यात ३० माणसे गेली, त्यांतली कित्येक गाडीत किंवा घरात पाण्यात अडकून. ज्या गावांना पैशांची सर्वांत जास्त गरज असते, त्यांच्याकडेच ते वापरून दाखवायला माणसे सर्वांत कमी असतात. अनुदानाची रक्कम जाहीर करताना हे अंतर कुठल्याच फोटोत दिसत नाही. माझ्या मते प्रत्येक अनुदानासोबत ते राबवणाऱ्या माणसाच्या पगाराचीही सोय हवी. प्रशासकीय खर्च थोडाफार धरता येतो, पण तो करार झाल्यानंतरचा. खरी गरज त्याआधीच्या वर्षात असते.

इअरमार्कांबद्दल माझी दुसरी तक्रार धोरणाची आहे आणि ती फारशी चर्चेत येत नाही. पाणी आणि सांडपाण्यासाठी फेडरल सरकार दरवर्षी राज्यांच्या फिरत्या निधीत पैसे घालते. न्यू जर्सीत राज्याचे पर्यावरण खाते आणि इन्फ्रास्ट्रक्चर बँक मिळून ‘वॉटर बँक’ चालवतात ती याच पैशांवर. गावांना कमी व्याजाने कर्ज मिळते, ते फेडले की तीच रक्कम दुसऱ्या गावाला जाते, आणि गरजू गावांना मुद्दलातही सूट मिळते. कोणाचा नंबर आधी, हे गुणांकनाने ठरते. २०२३ साली सांडपाण्याच्या फिरत्या निधीची वार्षिक तरतूद सुमारे १६३.९ कोटी डॉलर होती आणि त्यातले सुमारे ८६.३ कोटी इअरमार्कांना गेले. पिण्याच्या पाण्याच्या ११२.६ कोटींतले सुमारे ६०.९ कोटी गेले. म्हणजे दोन्हींत निम्म्याहून अधिक. इअरमार्क हे नवे पैसे नव्हते, ते राज्यांच्या सामाईक पेटीतून काढलेले होते. पेटीतला डॉलर परत येऊन पुन्हा कामाला लागतो, इअरमार्कचा डॉलर एकदा खर्च झाला की संपतो. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने पाच वर्षांसाठी या निधींत वेगळी मोठी भर घातली, दोन्ही निधींना मिळून २,३०० कोटींहून अधिक आणि शिशाच्या नळजोडण्या बदलण्यासाठी आणखी १,५०० कोटी. त्यामुळे ही तूट सध्या जाणवत नाही. त्या कायद्यातली शेवटची वार्षिक रक्कम २०२६ या आर्थिक वर्षाची आहे. त्यानंतर जाणवेल.

तरी मी गावांना इअरमार्क मागू नका असे सांगत नाही. ज्या गावाला कर्ज फेडायची ताकदच नाही, तिथे थेट अनुदान हाच मार्ग उरतो. काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाला ते गाव माहीत असते, गुणांकनाच्या तक्त्याला नसते.

आता विश्वासाचा प्रश्न. जाहीर झालेला निधी रद्द होऊ शकतो का? तीन टप्पे वेगळे धरा. पहिला, सदस्याने मागणी केली आणि समितीने यादीत घेतली. इथे काहीही पक्के नसते. २०२५ या आर्थिक वर्षासाठी २०२४ च्या उन्हाळ्यात समित्यांनी याद्या केल्या, गावोगाव निवेदने निघाली, आणि १५ मार्च २०२५ रोजी सही झालेल्या वर्षभराच्या कायद्यात एकही इअरमार्क नव्हता. ज्या गावांनी त्यावर अर्थसंकल्प बांधले होते त्यांची पंचाईत झाली. दुसरा टप्पा, कायद्यावर सही. तुमचे काम इथवर आले आहे. तिसरा, खात्याशी करार. करार झाला की सरकार कायदेशीर बांधिलकीत येते, आणि माझा जीव खऱ्या अर्थाने तेव्हाच भांड्यात पडतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मध्ये राष्ट्राध्यक्ष पैसे अडवू शकतात का, हा वाद जुना आहे. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यावर निक्सन यांनी नकाराधिकार वापरला, काँग्रेसने तो धुडकावला. मग निक्सन यांनी सांडपाणी प्रकल्पांसाठी ठरलेल्या रकमेतली निम्मीअधिक राज्यांना वाटूच नका असा आदेश दिला. न्यू यॉर्क शहर कोर्टात गेले, आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. दरम्यान १९७४ मध्ये काँग्रेसने अशी अडवणूक रोखणारा कायदाही केला. आज हा वाद पुन्हा जिवंत आहे. जानेवारी २०२५ च्या शेवटी सगळी फेडरल अनुदाने थांबवण्याचे पत्रक निघाले आणि कोर्टकचेरी सुरू होताच दोन दिवसांत मागे घेतले गेले, पण त्या दोन दिवसांत आमच्याकडच्या वित्त अधिकाऱ्यांची झोप उडाली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये हडसन नदीखालचा नवा रेल्वे बोगदा आणि न्यू यॉर्कमधला सेकंड अ‍ॅव्हेन्यू भुयारी मार्ग यांचे मिळून सुमारे १,८०० कोटी डॉलर रोखल्याचे केंद्राने जाहीर केले. एवढ्या मोठ्या कामांचे होते, तर छोट्या गटाराचे काय, असे कोणालाही वाटेल. करारावर सही झालेल्या गावाला कोर्टात उभे राहता येते. नुसत्या ओळीवर विसंबलेल्या गावाची बाजू लंगडी पडते. म्हणून घाई करायची असेल तर ती करारासाठी करा, खोदकामासाठी नाही.

राज्यानेच पैसा नाकारल्याचे उदाहरणही आपल्याच इथले आहे. हडसनखाली बोगद्याचा आधीचा प्रकल्प, एआरसी, त्याला केंद्राने ३०० कोटी डॉलर देऊ केले होते. ऑक्टोबर २०१० मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी वाढीव खर्च राज्यावर पडेल म्हणून तो रद्द केला. केंद्राने आधी दिलेले २७.१ कोटी परत मागितले आणि २०११ मध्ये ९.५ कोटींवर तडजोड झाली. प्रकल्प रद्द झाल्यावर दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, ‘सँडी’ वादळाचे खारे पाणी १९१० साली सुरू झालेल्या जुन्या बोगद्यात शिरले. एनजे ट्रान्झिटच्या रेल्वेने न्यू यॉर्कला नोकरीला जाणारे आपले कितीतरी लोक आजही त्याच बोगद्यातून जातात.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. फेडरल खर्चाचे ‘यूएसए-स्पेंडिंग’ नावाचे सरकारी संकेतस्थळ सर्वांना खुले आहे. तिथे टाउनशिपचे नाव आणि काँग्रेसने ठरवलेल्या प्रकल्पांचा ईपीएचा क्रमांक ६६.२०२ घालून शोधा. नोंद दिसली तर करार झाला आहे. किती पैसे बांधले गेले आणि किती प्रत्यक्ष दिले गेले, दोन्ही आकडे तिथे असतात. दिलेला आकडा शून्य असेल तर घोटाळा समजू नका, बिले अजून गेलेली नाहीत एवढाच त्याचा अर्थ. नोंदच नसेल, तर राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली, ज्याला इथे ‘ओप्रा’ म्हणतात, टाउनशिप क्लार्ककडे अर्ज करून ईपीएशी झालेला पत्रव्यवहार मागा. क्लार्कला उत्तरासाठी सर्वसाधारणपणे कामाचे सात दिवस असतात.

मग बाँड ऑर्डिनन्सच्या जाहीर सुनावणीला जा आणि माइकवर हे विचारा: करारावर सही कोणत्या तारखेला झाली, पर्यावरण तपासणीचा निर्णय हातात आहे का, निविदा अंदाजापेक्षा जास्त आली तर वरचे पैसे कुठून आणणार, आणि ही फाइल कोणाच्या टेबलावर आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या नावाने आले तर काम होईल. ‘आम्ही सगळे बघतो आहोत’ असे आले तर त्या माणसाची नेमणूक करा असे तिथल्या तिथे म्हणा, आणि शेजाऱ्यांनाही म्हणायला लावा. एडिसन, साउथ ब्रन्सविक, प्लेन्सबरो या पट्ट्यात आपल्यात सिव्हिल इंजिनिअर आहेत, हिशेब तपासनीस आहेत, प्रकल्प सांभाळणारे आहेत. गावांच्या पर्यावरण समित्या, नियोजन मंडळे यांवर रहिवासीच नेमले जातात आणि कित्येक ठिकाणी जागा रिकाम्या असतात. त्यासाठी मेयरच्या कार्यालयात एक पानी अर्ज असतो.

तुमच्या शेजारच्या गल्लीचे काम या अनुदानात नसेल आणि ते पुढच्या खेपेला घालायचे असेल, तर काँग्रेस सदस्यांची कार्यालये मागण्या साधारण वसंताच्या सुमारास घेतात आणि मुदत दोन-तीन आठवड्यांचीच असते. तोवर प्राथमिक डिझाइन, अंदाजपत्रक आणि कौन्सिलचा पाठिंब्याचा ठराव तयार असलेली गावेच पुढे जातात. म्हणजे त्या गल्लीचा विषय नोव्हेंबर-डिसेंबरच्या बैठकांत मांडला जायला हवा.